कृष्णा-वारणा खोऱ्यातील मोबाइल आज्ञावलींचा प्रारंभकाळ : वेष्टन, वितरण आणि उत्तरदायित्व (१९९८ ते २०१३)

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा निर्मात्यांच्या बाजूने लिहिला जातो. एखादे यंत्र कोणी तयार केले, कोणत्या कंपनीने विकत घेतले, त्यापुढे कोणते आले, अशा क्रमाने त्याची मांडणी होते. तेच तंत्रज्ञान कराड किंवा वाळवा तालुक्यातील एखाद्या गावात कोणाच्या हातून पोहोचले, बंद पडल्यावर कोणाला विचारावे लागले आणि शेवटी ते कोणत्या कारणाने नाहीसे झाले, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. प्रादेशिक इतिहासाच्या दृष्टीने हेच प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

भ्रमणध्वनी संचावरील आज्ञावली, म्हणजे आज ज्याला सर्रास ‘ॲप’ म्हटले जाते ती वस्तू, लिहून झाली म्हणजे तयार झाली असे होत नाही. ती विशिष्ट संचाला समजेल अशा वेष्टनात बांधावी लागते, त्या वेष्टनावर अधिकृततेची मोहोर घ्यावी लागते आणि ते वेष्टन वापरणाऱ्याच्या संचापर्यंत पोहोचवावे लागते. २००३ ते २०११ या काळात जुन्या स्मार्टफोनवर ‘फ्लॅश लाइट’ या तंत्राने बांधलेल्या आज्ञावली हे या प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण होय. त्याच सुमारास सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात आणि एकूण महाराष्ट्रात शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचविण्याचे काही वेगळे प्रयोग झाले. या दोन प्रवाहांची तुलना करून, दिसायला समृद्ध असलेले तंत्र मागे का पडले आणि साधा लघुसंदेश पुढे का गेला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. आज्ञावलीचे आयुष्य तिच्या सौंदर्यावर ठरत नाही. तिच्या वितरणाची वाट कोणाच्या ताब्यात आहे आणि संच बदलल्यावर तिची जबाबदारी कोण घेतो, यावर ते ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रदेश आणि माहितीची निकड

कोयना आणि कृष्णा यांचा संगम कराड येथे होतो. वारणा ही सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा आखत सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. या नद्यांच्या काठचा पट्टा हा सहकारी साखर कारखानदारीचा पट्टा आहे. कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक येथील कृष्णा सहकारी साखर कारखान्याचे कार्यक्षेत्र सातारा जिल्ह्यातील कराड व सांगली जिल्ह्यातील वाळवा या दोन्ही तालुक्यांत पसरलेले आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा उद्योगसमूहाचे केंद्र कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात वारणानगर येथे असले, तरी त्याच्याशी जोडलेली गावे सांगली जिल्ह्यातही आहेत. जिल्ह्यांच्या प्रशासकीय सीमा आणि ऊस उत्पादकांच्या व्यवहाराच्या सीमा या भागात वेगवेगळ्या आहेत, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागते.

ऊस उत्पादकाच्या दृष्टीने माहिती ही चैनीची वस्तू नव्हती. अडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा असा उसाचा प्रकार, लागणीची तारीख आणि क्षेत्र यांची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागाकडे होते. या नोंदीवरून तोडीचा क्रम लागतो. नोंद चुकली वा मागे पडली, तर तोड लांबते. उसाला तुरा येतो, वजन घटते, उतारा कमी होतो आणि पुढील पिकाचा हंगाम हुकतो. गाळप सुरू झाल्यावर वजनाची पावती, खतांची उचल आणि उसाचे बिल यांविषयीचे प्रश्न उभे राहतात. ही सर्व माहिती शेतकऱ्यापर्यंत आणण्याचे काम परंपरेने गट कार्यालय आणि ज्याला या भागात ‘चिटबॉय’ म्हणतात तो कारखान्याचा गावपातळीवरील कर्मचारी करीत असे. आज्ञावली येण्याच्या कितीतरी आधी, वितरणाची एक मानवी साखळी येथे अस्तित्वात होती.

उसाखेरीज सांगलीची हळदीची बाजारपेठ, तासगाव परिसरातील द्राक्षे आणि सातारा जिल्ह्यातील लोणंदचा कांदा बाजार यांमुळे दररोजच्या भावाची माहिती हीसुद्धा मोठी गरज होती. माण, खटाव, आटपाडी व जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत पावसाच्या अंदाजाला तितकेच महत्त्व होते.

वारणेतील संगणक केंद्रे

२२ मे १९९८ रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कृतिदल स्थापन केले. त्याच वर्षी वारणा परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात समाविष्ट होती आणि गावोगावी संगणक केंद्रे उभारण्यात आली. खर्चाचा भार केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी ५०, ४० व १० टक्के असा उचलला. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शासकीय योजना, शिक्षण व रोजगार यांची माहिती गावातच उपलब्ध करून देणे हे उद्दिष्ट होते.

प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग मुख्यतः एका कामासाठी झाला, आणि ते काम म्हणजे उसाच्या नोंदी. शेतकरी स्वतः संगणक हाताळीत नसत. केंद्रचालक त्यांच्या वतीने नोंद करी आणि छापील पावती देई. मोठ्या कल्पनेने आणलेल्या यंत्राचे रूपांतर कारखान्याच्या खिडकीच्या गावातील विस्तारात झाले. यास अपयश म्हणणे घाईचे ठरेल. लोकांनी त्या यंत्रातून आपल्याला हवे ते नेमके उचलले आणि उरलेले सोडून दिले. परंतु चार-पाच ठरावीक व्यवहारांसाठी प्रत्येक गावी पूर्ण संगणक, विजेची सोय आणि देखभाल यांचा खर्च करावा काय, हा प्रश्न त्यातून साहजिकच निर्माण झाला.

फ्लॅश लाइट : रचना आणि वेष्टन

या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला आकार घेत होते. ‘फ्यूचरस्प्लॅश’ या नावाने १९९६ मध्ये आलेले चलच्चित्र-रेखाटनाचे साधन मॅक्रोमीडिया कंपनीने घेतले आणि ते ‘फ्लॅश’ या नावाने प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये जपानमधील एनटीटी डोकोमो या कंपनीच्या ५०५आय मालिकेतील संचांवर त्याची लहान आवृत्ती, म्हणजे फ्लॅश लाइट, प्रथम उपलब्ध झाली. २००५ च्या अखेरीस अडोबी कंपनीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. दरम्यान सिम्बियन प्रणालीवरील नोकियाचे एस-६० संच भारतीय बाजारात स्थिरावले होते.

फ्लॅशचे आकर्षण समजण्याजोगे आहे. त्यातील चित्र ठिपक्यांनी साठविलेले नसून रेषा व वक्रांच्या गणिती वर्णनाने साठविलेले असते. त्यामुळे धारिका लहान राहते आणि १७६ बाय २०८ ठिपक्यांच्या पडद्यासाठी केलेली रचना थोड्या फेरफाराने २४० बाय ३२० च्या पडद्यावरही नेता येते. सी प्लस प्लस या भाषेत सिम्बियनसाठी आज्ञावली लिहिणे हे तज्ज्ञाचे काम होते. फ्लॅशमध्ये मात्र चित्रकार किंवा शिक्षकदेखील काही आठवड्यांच्या सरावाने चालणारी आज्ञावली तयार करू शकत असे.

अडचण सुरू होई ती वेष्टनापासून. फ्लॅशची धारिका स्वतः चालत नाही; तिला चालविणारा ‘प्लेअर’ संचात असावा लागतो, आणि तोही योग्य आवृत्तीचा. आवृत्ती २ साठी लिहिलेली आज्ञावली १.१ आवृत्तीच्या संचावर चालत नसे. नुसती धारिका संचात टाकली, तर ती संचाच्या यादीत इतर आज्ञावलींप्रमाणे चिन्हासह दिसत नसे. वापरणाऱ्याला धारिकांच्या कप्प्यात जाऊन ती शोधावी लागे. यावर उपाय म्हणून फ्लॅशच्या धारिकेबरोबर एक छोटी आरंभक आज्ञावली जोडून दोन्ही ‘सिस’ या सिम्बियनच्या वेष्टनात बांधल्या जात. चिन्ह दाबले की आरंभक जागा होई आणि तो प्लेअरला मूळ धारिका उघडण्यास सांगे. विंडोज मोबाइल संचांसाठी ‘कॅब’ हे वेगळे वेष्टन लागे, तर नोकियाच्या एस-४० संचांसाठी आणखी निराळे. एकाच आज्ञावलीची अशी अनेक पुडकी बांधावी लागत.

२००६ मध्ये एस-६० ची तिसरी आवृत्ती आली आणि तिने दोन गोष्टी बदलल्या. आधीच्या संचांसाठी बांधलेली वेष्टने नव्या संचांवर चालेनाशी झाली; शिवाय प्रत्येक वेष्टनावर अंकीय स्वाक्षरी बंधनकारक झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही तरतूद रास्त होती. परंतु स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला मुदत असे. मुदत संपलेले वेष्टन बसविण्यासाठी संचाचे दिनदर्शक मागे नेण्याची युक्ती त्या काळी अनेकांना ठाऊक होती. तांत्रिक नियम आणि लोकव्यवहार यांच्यातील अंतर या एका युक्तीतून स्पष्ट होते.

२००९ मध्ये अडोबीने वेष्टन बांधणारे स्वतंत्र साधन आणि सोबत वाटता येईल असा प्लेअर उपलब्ध करून दिला. संचात प्लेअर नसल्यास तो आपोआप उतरवून घेण्याची सोय त्यात होती. हा उपाय नेमका होता; पण त्यात संचाकडे चांगली डेटा जोडणी आहे हे गृहीत धरले होते. भारतात खाजगी कंपन्यांची थ्रीजी सेवा २०१० च्या लिलावानंतरच सुरू झाली. त्यापूर्वी ग्रामीण भागातील वापरकर्त्याची खरी वाट निराळी होती. तालुक्याच्या गावातील मोबाइल दुकानात थोडे पैसे देऊन मेमरी कार्डावर गाणी, चित्रे व खेळ भरून घेणे, किंवा ब्लूटूथवरून एकाने दुसऱ्याला देणे, ही ती वाट होय. या वाटेने मनोरंजन उत्तम पसरले. मात्र दररोज बदलणारा हळदीचा भाव किंवा तोडीची तारीख या वाटेने पोहोचणे शक्य नव्हते, कारण मेमरी कार्ड भरून देणाऱ्याचे उत्तरदायित्व कार्ड परत देताच संपत असे.

मराठी अक्षर आणि लघुसंदेशाची मर्यादा

खोऱ्यातील गरज आणि फ्लॅशची क्षमता यांचा मेळ दोन ठिकाणी बसत नव्हता. पहिले ठिकाण भाषेचे. देवनागरीत अक्षरे केवळ एकापुढे एक मांडून भागत नाही; जोडाक्षरे घडवावी लागतात, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढावा लागतो. हे नियम जाणणारी व्यवस्था त्या काळच्या बहुसंख्य संचांत नव्हती. फ्लॅशमध्ये टंकाची वळणे धारिकेतच सामावून घेता येत, पण ती वळणे जोडण्याचे नियम त्याला अवगत नव्हते. परिणामी मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत मांडणे किंवा सरळ चित्ररूपाने काढणे हाच व्यवहार्य मार्ग उरे. पडद्यावर अक्षर सुरेख दिसे; परंतु यंत्राच्या लेखी ते अक्षर नसून आकृती असे. असा मजकूर शोधता येत नाही, बदलता येत नाही आणि दुसऱ्या प्रणालीत नेता येत नाही. या तडजोडीची किंमत पुढील काळात मोजावी लागली.

दुसरे ठिकाण वाहकाचे. गावात सर्वत्र आणि सर्व संचांवर चालणारे एकमेव साधन म्हणजे लघुसंदेश. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन लिपीची अक्षरे सात बिटांत बसत असल्याने १६० चिन्हे पाठविता येतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागत असल्याने ही संख्या ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा शब्द सात स्थाने व्यापतो. अशा स्थितीत मराठीत पाठविलेला संदेश तारेसारखा आखूड ठेवावा लागे.

फ्लॅश लाइटची आज्ञावली संदेश लिहिण्याचा पडदा उघडून देऊ शकत असे, पण संचात आलेला संदेश स्वतः वाचू शकत नसे. तशी मुभा २००८ नंतरच्या एस-६० पाचव्या आवृत्तीत आली, तीही महागड्या संचांपुरती. माहिती आणण्यासाठी फ्लॅशला डेटा जोडणी हवी होती, आणि खोऱ्याकडे होता लघुसंदेश. फ्लॅशची खिडकी सुंदर होती, पण गावात येणाऱ्या वाटेकडे ती उघडत नव्हती.

वारणेतील लघुसंदेश प्रयोग

संगणक केंद्रांनी उभ्या केलेल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर वारणेतच शोधले गेले. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी केंद्रांच्या वापराचा प्रथम अभ्यास केला आणि नंतर ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग मांडला. सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगात केंद्रातील संगणकाऐवजी भ्रमणध्वनी वापरण्यात आला. गावातून ठरावीक स्वरूपाचा लघुसंदेश पाठवावा आणि कारखान्याच्या बाजूच्या संगणकाने नोंदी तपासून लघुसंदेशानेच उत्तर द्यावे, अशी त्याची रचना होती. डिसेंबर २००७ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचे निष्कर्ष सादर झाले. संगणकावर होणारी सर्व कामे लघुसंदेशावर करता आली. नवी पद्धत स्वस्त व अधिक सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनी ती अधिक पसंत केली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की त्यात शेतकऱ्याच्या संचावर काहीही बसवावे लागत नव्हते. आज्ञावली एकाच ठिकाणी, कारखान्याकडील संगणकावर होती. सुधारणा करावयाची झाली तर ती एकदाच करावी लागे. वेष्टन, स्वाक्षरी, आवृत्ती, पडद्याचा आकार हे सर्व प्रश्न त्यामुळे निर्माणच झाले नाहीत. शेतकऱ्याने संच बदलला तरी व्यवहार खंडित होत नव्हता.

हे यश केवळ लघुसंदेशाचे मानणे मात्र अपुरे ठरेल. प्रश्न विचारणारा सभासद, त्याचा नोंदणी क्रमांक, उत्तरासाठी लागणारी अद्ययावत नोंद आणि उत्तर चुकल्यास जाब विचारण्याचे ठिकाण, हे सारे सहकारी संस्थेने आधीच घडविलेले होते. तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंत्रज्ञान हे समाजात आधीपासून असलेल्या प्रेरणा व क्षमतांनाच मोठे करते, अशी भूमिका मांडली. वारणेचे उदाहरण या भूमिकेशी सुसंगत आहे. जेथे साखळी होती तेथे आखूड संदेशही पुरेसा ठरला.

संचातच बसवून दिलेली आज्ञावली

याच सुमारास दोन व्यापारी प्रयत्नही महाराष्ट्रात सुरू झाले. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा ऑक्टोबर २००७ मध्ये प्रथम महाराष्ट्रात आली. वर्गणीदाराने निवडलेल्या पिकांचे भाव, हवामान व सल्ला लघुसंदेशाने देण्याची तिची पद्धत होती. येथेही संचावर काही बसविण्याची गरज नव्हती.

नोकिया लाइफ टूल्स या सेवेने मधला मार्ग निवडला. महाराष्ट्रातील पथदर्शी चाचणीनंतर जून २००९ मध्ये आयडिया सेल्युलरच्या सहकार्याने तिचा व्यापारी आरंभ झाला. चित्रचिन्हांनी सजलेली आज्ञावली नोकियाच्या २३२३ व २३३० क्लासिक यांसारख्या स्वस्त संचांत कारखान्यातूनच बसवून मिळे. त्यांचा पडदा १२८ बाय १६० ठिपक्यांचा होता. माहितीची ने-आण मात्र लघुसंदेशाने होई. शेतीविषयक मूलभूत सेवेसाठी महिना ३० रुपये आणि निवडलेल्या तीन पिकांच्या जवळच्या बाजारांतील भावांसह विस्तृत सेवेसाठी ६० रुपये असा दर होता. रेखाचित्रांचे सौंदर्य आणि लघुसंदेशाची सर्वव्यापकता यांचा संयोग या सेवेने साधला. वेष्टन बांधणारा, स्वाक्षरी करणारा आणि संच विकणारा एकच असल्यामुळे फ्लॅशच्या मार्गातील बहुतेक अडथळे येथे नव्हते.

तथापि एकाच हाती असलेली वाट त्या हाताबरोबरच संपते. नोकियाने सप्टेंबर २०१३ मध्ये आपला संच-व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही सेवा बंद झाली. निर्णय घेणाऱ्या दालनात सांगलीच्या हळद उत्पादकाला किंवा लोणंदच्या कांदा उत्पादकाला सभासद म्हणून स्थान नव्हते. तो ग्राहक होता. सभासद आणि ग्राहक यांतील हा भेद तांत्रिक नसून संस्थात्मक आहे.

अशा सेवांच्या प्रत्यक्ष परिणामाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत रॉयटर्स मार्केट लाइट सेवेचा अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, शेतकऱ्यांना मिळालेल्या भावावर या सेवेचा सरासरी परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आढळला नाही. भाव कळणे आणि भाव मिळणे यांमध्ये वाहतूक, साठवण, उचल घेतलेली रक्कम आणि अडत्याशी असलेले संबंध उभे असतात. वारणेतील संदेशाचे स्वरूप याहून भिन्न होते. तो बाजाराचे वर्तमान सांगत नव्हता. सभासदाचा संस्थेवरील हक्क नोंदवीत होता.

फ्लॅशचा अस्त आणि उरलेले अवशेष

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या संचांवर फ्लॅश न घेण्याची कारणे जाहीर पत्राद्वारे मांडली. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइलवरील ब्राउझरसाठी फ्लॅशचा विकास थांबविला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नोकियाने सिम्बियनऐवजी विंडोज फोनचा स्वीकार जाहीर केला होता. १ जानेवारी २०१४ पासून सिम्बियनच्या आज्ञावली नोकियाच्या भांडारात नव्याने देणे किंवा सुधारणे बंद झाले. ३१ डिसेंबर २०२० रोजी संगणकावरील फ्लॅश प्लेअरचे पाठबळही संपले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅश मजकूर चालविणेच थांबविले.

लघुसंदेशाची वाटही निर्वेध राहिली नाही. नको असलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्ये एका क्रमांकावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली. ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०० करण्यात आली. या निर्बंधांनंतरही लघुसंदेश टिकला, कारण तो कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नव्हता.

फ्लॅशच्या अस्ताचा संबंध महाविद्यालयांशीही येतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाधारित राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या काळात, तसेच त्याआधीही, शिक्षणसाहित्यासाठी फ्लॅशचा मोठा वापर झाला. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘ऑस्कर’ प्रकल्पातील विज्ञानविषयक चलच्चित्रांतही फ्लॅश होते. अनेक प्राध्यापकांनी स्वतः परिश्रमपूर्वक केलेले साहित्य तबकड्यांवर असूनही आज उघडत नाही. ‘रफल’ या मुक्त अनुकारकामुळे बऱ्याच धारिका पुन्हा चालविता येतात; इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून अशा धारिकांचा संग्रह सुरू केला आहे. मात्र ज्या धारिकांत मराठी मजकूर आकृतिरूपाने गोठविलेला आहे, तो पडद्यावर दिसला तरी शोधण्याजोगा होत नाही. तो पुन्हा टंकलिखित करावा लागतो, आणि ते काम करण्यास मूळ विषय जाणणारी व्यक्ती लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, जुन्या स्मार्टफोनवरील फ्लॅश आज्ञावलींचा ऱ्हास केवळ एका पत्राने वा एका कंपनीच्या निर्णयाने झाला नाही. प्लेअर, आवृत्ती, वेष्टन, स्वाक्षरी आणि डेटा जोडणी अशा पाच दुव्यांवर ती उभी होती; ग्रामीण महाराष्ट्रात यांपैकी एकाही दुव्याची जबाबदारी घेणारी स्थानिक संस्था नव्हती. दुसरी, वारणेतील लघुसंदेश प्रयोगाने आज्ञावली संचातून काढून संस्थेकडे ठेवली आणि वेष्टनाचा प्रश्नच टाळला. तिसरी, नोकिया लाइफ टूल्सने हा प्रश्न उत्तम रीतीने सोडविला, परंतु उत्तरदायित्व निर्मात्याकडेच राहिल्याने निर्माता बाजूला होताच सेवा संपली.

या इतिहासाची प्रस्तुतता संपलेली नाही. २०२२ मध्ये राज्याच्या साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले. १९९८ मध्ये गावातील संगणकावर आणि त्यानंतरच्या प्रयोगात लघुसंदेशाने झालेले कामच आता स्पर्शपडद्यावर आले आहे. संच तिसऱ्यांदा बदलला. लागणीची तारीख, क्षेत्र आणि तोडीचा क्रम हा प्रश्न तोच राहिला. नव्या आज्ञावलीचे मूल्यमापन करताना ती किती सुबक आहे यापेक्षा, नोंद चुकल्यास शेतकऱ्याने कोणत्या दाराशी जावे, हे आधी विचारले पाहिजे.

या कालखंडाची साधने मात्र झपाट्याने नष्ट होत आहेत. जुने संच भंगारात गेले, मेमरी कार्डे निकामी झाली, संदेश पुसले गेले. कागदी दप्तराला वाळवी लागली तरी काही पाने उरतात. येथे तेवढेही उरत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे इतिहास, संगणकशास्त्र आणि मराठी हे विभाग एकत्र आले, तर केंद्रचालक, चिटबॉय, शेतकी विभागातील कर्मचारी व मोबाइल दुकानदार यांच्या मुलाखती नोंदविणे, जुने संच मिळवून त्यांतील आज्ञावलींची प्रत काढणे आणि महाविद्यालयात पडून असलेल्या फ्लॅश साहित्यातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरविणे ही कामे अल्प खर्चात होऊ शकतील. ज्या व्यक्तींच्या हातून ही आज्ञावली गावात पोहोचली, त्या आज हयात आहेत व बोलू शकतात. या खोऱ्याच्या अलीकडच्या इतिहासाचे सर्वांत विश्वसनीय साधन तूर्त त्यांची स्मृती हेच आहे.